निवडुंगाचं कुंपण

फार फार वर्षांपूर्वीची, शेतांना कुंपणं नव्हती आणि वाटा सगळ्यांच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दिवसच गोड होते ते.

डोंगराच्या पायथ्याशी एक माळी-माळीण राहत. दर हिवाळ्यात एका धनगराच्या मेंढ्या त्यांच्या मळ्यात मुक्कामाला बसत. लेंड्यांनी जमीन कसदार होई, बदल्यात माळीण जोंधळे देई.

एका वर्षी धनगरणीची तान्ही लेक तापाने मलूल झाली. पुढे घाट होता, कडाक्याची थंडी होती. माळणीला मूलबाळ नव्हतं. धनगरणीने काळजावर दगड ठेवून लेक तिच्या ओटीत घातली.

"आजपासनं ही तुझी. दरसाल निस्तं डोळाभर बघू दे, म्हंजे झालं."

"बरं," माळीण म्हणाली. तेव्हा म्हणणं सोपं होतं.

पोर वाढली. मेंढ्यांच्या घंटा वाजल्या की हातातला घास टाकून पळे, धनगरणीच्या घोंगडीत शिरे. पोर एक दिवस तिच्यामागे निघून जाईल, असं माळणीला वाटे. शेवटी तिने वाटेवर निवडुंग लावला आणि निरोप धाडला, "यंदापासून आमच्या मळ्यात मेंढ्या बसवू नका."

कळप ओढ्यापलीकडून जाऊ लागला. पोर निवडुंगापाशी उभी राहून घंटा ऐके.

"आई, ती का येत नाही?"

"विसरली असेल," माळीण म्हणे.

पोर हसेनाशी झाली. मळ्यातली वांगीही बोराएवढी धरू लागली.

एका हिवाळ्यात घंटा वाजल्या आणि पोर सरळ निवडुंगातच घुसली. माळ्याने तिला उचलून घरी आणलं. एकेक काटा काढत तो म्हणाला, "कुंपण घातलं मेंढरांना, काटे मातूर आपल्या लेकीला."

माळीण रडली. मग लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "ती विसरली नव्हती गं. मीच वाट अडवली."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कोयता घेऊन निवडुंग तोडला आणि धनगरणीला बोलावणं धाडलं.

कळप आला. धनगरणीने लेकीच्या केसांना तेल लावलं, माळणीने दोघींना भाकरी वाढली. कळप निघाला, तशी पोर एक कोकरू कडेवर घेऊन मागोमाग चालू लागली. माळणीचा जीव टांगणीला लागला, पण तिने हाक मारली नाही.

ओढ्यापाशी पोरीने कोकरू धनगरणीच्या हाती दिलं, आणि वळली.

"आई, भूक लागली," म्हणत ती माळणीकडे धावत आली.

तो मळा, त्या घंटा आता कुठे शोधाव्यात? पण गोष्ट तेवढी राहिली आहे.

तात्पर्य: लेकराची मागची वाट मोकळी ठेवली, तरच ते आपल्या घरी मनापासून राहतं.