कोरडं ठेवजो

“...अन् रागही नाही आला तुले?” बुवांनी विचारलं.

“नाही,” केशव म्हणाला.

“कंटाळा?”

“नाही.”

“बावीस दिवसांत एकदाही?”

“एकदाही नाही, बुवा.”

हे सांगताना केशवची मान ताठ झाली. डोळे मात्र आपोआप मिटत होते. गेले बावीस दिवस त्याची सलग चार तास झोप झाली नव्हती. अंगातला सदरा कधीचा आहे, तेही त्याला आठवत नव्हतं.

सोनबा बुवा तासाभरापूर्वीच परतले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले होते, आणि लेकीनं त्यांना लवकर सोडलं नाही. डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यातून त्यांना अजून धड दिसत नव्हतं. मठीच्या ओसरीवर भिंतीला टेकून ते बसले होते. समोर सकाळचं तळं होतं. याच तळ्यात त्यांनी चाळीस वर्षं जाळं टाकलं, आणि हात थकले तेव्हा काठावरच्या या मठीत येऊन राहिले.

बुवा मुळात कमी बोलणारे. त्यामुळे लोकांची मोठी पंचाईत व्हायची. बुवा खोकले तरी त्यात काहीतरी उपदेश असणार, असं धरून चालणारी माणसं होती. केशव लांजेवार त्यांतला पहिल्या नंबरचा. नागपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी ते सोडून इथं आला. बुवांचा शब्द आपल्याला दुसऱ्यांदा विचारावा लागत नाही, याचा त्याला अभिमान होता. एक वही होती. बुवा जे बोलत ते एका पानावर आणि त्याचा अर्थ समोरच्या पानावर. अर्थाची पानं नेहमी भरलेली असत.

“गोटी कुठं हाय?” बुवांनी विचारलं.

“इथंच. तुमच्या उजव्या हाताला, घमेल्यात.”

गोटी म्हणजे कासवाचं पिल्लू. लिंबाएवढं. तळ्याकाठी सापडलं होतं, ते बुवांनीच वाढवलं. त्यांच्या तळहातावर बसून कोथिंबीर खायचं. बुवा निघायच्या आदल्या दिवशी कावळ्यानं त्याच्या पाठीवर चोच मारली आणि कवच तडकलं. जीपमध्ये चढता चढता बुवा केशवला काय ते सांगून गेले होते.

“खाते का?”

“आठ दिवस झाले, काही खात नाही. जवळा दिला, अंड्याचं पांढरं दिलं, पालक दिला. तोंड उघडत नाही. डोळे सुजलेत.”

“डॉक्टरले दाखवलं?”

“नाही. तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे.”

“परीक्षा तुही,” बुवा म्हणाले, “अन् दुखनं त्याचं...”

केशवला ते लागलं. पण त्यानं तसं दाखवलं नाही. लागलेलं न दाखवणं याचा तर त्यानं बावीस दिवस सराव केला होता.

“तुम्ही सांगितलंत त्यात मी कसूर केली नाही, बुवा,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी त्याला गोटी म्हणून हाक मारत होतो, ती बंद केली. कुरवाळणं बंद केलं. रात्री दर दोन तासांनी उठलो, पण हळहळलो नाही. खाल्लं तर आनंद नाही, नाही खाल्लं तर दुःख नाही. तुमचा शब्द अक्षरशः पाळला.”

“कोनता शब्द?”

“जीपमधून तुम्ही म्हणालात तो. कोरडं ठेवजो.”

“हं.”

“मी मन कोरडं ठेवलं.”

बुवांनी उजवा हात बाजूला नेला आणि चाचपडत घमेल्याच्या काठावर ठेवला. मग आत घातला. हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

...

तो हात कितीतरी वेळ तसाच पाण्यात राहिला.

“हे पानी कायचं?” बुवांनी अगदी हळू विचारलं.

“गोटीचं. दिवसातून चार वेळा बदलतो. रात्री कमी झालं तर भर घालतो. पाण्यातला जीव आहे, पाठ उघडी पडू नये म्हणून...”

तो बोलायचा थांबला. आपण काय बोलतो आहोत ते त्याच्या स्वतःच्या कानांवर आता पडत होतं.

“बावीस दिवस पान्यातच?”

“हो.”

“केशवा,” बुवा म्हणाले, “मी कासवाले कोरडं ठेव म्हनलो होतो रे.”

तळ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज तेवढा येत राहिला.

बुवांनी गोटीला बाहेर काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं, पोट पुसलं, पायांच्या बेचक्या पुसल्या. तडकलेल्या जागेवर अंगठा नेला आणि पटकन मागे घेतला. तिथलं कवच मऊ पडलं होतं, आणि त्याला वास येत होता. जाळ्यात जखमी सापडलेली किती कासवं त्यांनी याच ओसरीवर बरी करून सोडली होती. फुटलेली पाठ ओली राहिली की सडते, हे तळ्यावरच्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. केशवनं कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांनी केशवला गोणपाट पसरायला लावलं. उन्हाच्या पट्ट्यात गोटीला ठेवलं. त्या पिल्लानं मान बाहेर काढली नाही.

“चूक माही बी हाय,” बुवा म्हणाले. “जीपवाला हॉर्न वाजवत होता. दोन शब्दांत आटपलं मी.”

केशव खाली बसला. त्याचे हात मांडीवर नुसते पडले होते. बावीस दिवसांचा सगळा शीण एकदम त्याच्या खांद्यांवर आला. तो इतका थकला होता की त्याला रडूही नीट येईना.

“बुवा, राग आला नाही म्हणालो, ते खोटं आहे.”

“हं.”

“परवा पहाटे पाणी बदलत होतो. पाठीत कळ निघाली. हा वास... मला वाटलं, मरून जाऊ दे हे एकदाचं.”

“मंग?”

“मग काय... पाणी बदललं.”

बुवांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता आणि गळत होता. सोग्याची कोरडी बाजू शोधून त्यांनी तो टिपला आणि चष्मा पुन्हा लावला. केशवच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात अजून ओला होता.

“आइक आता,” ते म्हणाले. “दिसभर कोरड्यात ठेवायचं. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. संध्याकाळी एक घंटा पान्यात, तेवढ्यात पेते, खाते. मंग कापसानं पुसून परत बाहेर. अन् आत्ताच तालुक्याले नेऊ, जनावराच्या डॉक्टरकडं. काय समजला?”

बुवा इतकं सलग कधी बोलले नव्हते. केशवनं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एका शब्दाचाही त्यानं अर्थ लावला नाही.

मग तो गोणपाटापाशी सरकला, आणि बावीस दिवसांनी पहिल्यांदा त्यानं एका बोटानं गोटीच्या पायाला स्पर्श केला. पाय किंचित आत गेला. की नाही गेला... त्याला खात्री वाटेना. “गोटी,” त्यानं हाक मारली. हे आपण इतके दिवस अडवून ठेवलं होतं, हे त्याला कळलं.

“वाचेल का, बुवा?”

“मालूम नाही.”

केशवनं वर पाहिलं. तो डोळे न मिटता, श्वास धरून बुवांकडे पाहत राहिला. वर्गात गोष्ट सांगता सांगता गुरुजी थांबले की मुलं पाहतात तसा.

बुवांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांच्या शब्दात अर्थ शोधणारी ती शांतता त्यांच्या ओळखीची होती.

“असा पाहू नको,” ते म्हणाले. “मले खरंच मालूम नाही.”