हौसाबाईचं कोरं पान

"हजार देणगीदार! एकही कमी नाही, आणि तेही रविवारी फेरी सुटायच्या आत!" भैरवराव सरकारांनी टेबलावर हात आपटला. "जमलं तर काचपेटी माझ्या खर्चाने. नाही जमलं तर पुन्हा माझ्यासमोर त्या पेटीचं नाव काढायचं नाही!"

समोर हौसाबाई लोहार उभी होती. हिवरगडच्या प्रसूतिगृहातली आया. सरकारांची जहागीर कधीच गेली होती, पण प्रसूतिगृहाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि गाव त्यांना अजून सरकारच म्हणत होतं.

काचपेटी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारी पेटी. हिवरगडात ती नव्हती. गेल्या महिन्यात असंच एक बाळ हौसाबाईने कापसात गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन, चाळीस किलोमीटर नेलं होतं. प्रत्येक वळणावर वाकून त्याचा श्वास बघितला होता. बाळ वाचलं. पण हौसाबाई अजून जीप दिसली की रस्त्याच्या कडेला थांबायची.

पेटीसाठी दहा किलोमीटर चालायची दानफेरी ठरली. चालणाऱ्याने इंटरनेटवर आपल्या नावाचं पान उघडायचं, ओळखीच्यांनी त्यावर पैसे भरायचे आणि खाली दोन शब्द लिहायचे, अशी पद्धत होती. आठवडाभरात सरकारांच्या फोनवर एकसष्ट पानं येऊन पडली. हेडमास्तरांनी पानावर निबंध लिहिला होता. डॉक्टरांनी लग्नातला फोटो लावला होता. त्यांना सात देणगीदार मिळाले, त्यात तिघे घरचेच. सरकारांनी कोणालाच काही दिलं नव्हतं. बासष्टावं पान हौसाबाईचं आलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"आणि अट ऐक! पानावर तू एक अक्षर लिहायचं नाहीस. फोटो लावायचा नाही. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत. तोंडाने नाही, फोनवर नाही, हात पसरून नाही! तुझ्या वतीनेही कोणी मागायचे नाहीत!"

"मग लोकांना कळणार कसं, सरकार?"

"ते तुझं तू बघ!"

"बरं सरकार. पण तात्यांनी हे सगळं लिहून ठेवावं."

कारभारी तात्या पुराणिकांनी लिहून ठेवलं. लिहिताना त्यांना हौसाबाईची कीव आली. ती मात्र त्यांनी लिहिली नाही.

हौसाबाई घरी गेली. पानावर आधी लिहिलेलं सगळं पुसलं. फोटो काढला. पान कोरं झालं. मग तिने स्वतःच त्या पानावर अकरा रुपये भरले. पैसे भरल्यावर 'देणगीदाराचा निरोप' अशी चौकट येते. त्या चौकटीत तिने सावकाश लिहिलं: "हौसा लोहार, आया. अकरा रुपये. भैरवराव सरकारांनी अजून दिलेले नाहीत. तूर्त मी त्यांच्या पुढे आहे."

मग ती बांगड्या भरायला शकू कासारणीकडे गेली. फोन दाखवला आणि म्हणाली, "बघ म्हणून दाखवतेय. पण कोणाला पाठवू नकोस हं."

शकूने शपथ घेतली. दुपारपर्यंत पान शेजारच्या तालुक्यात पोचलं.

संध्याकाळी पहिला निरोप आला. "शकुंतला कासार. बारा रुपये. मीसुद्धा सरकारांच्या पुढे." पाठोपाठ बँडवाला आला, पिठाच्या गिरणीचा मालक आला, शाळेचा शिपाई आला. सरकारांच्या ड्रायव्हरने एकवीस रुपये भरून लिहिलं, "गाडीत पुढेच बसतो. इथेही पुढेच." शुक्रवारी राणीसाहेबांचा निरोप झळकला. "एकशे एक. घरात कोणाला विचारलेलं नाही."

सरकारांनी हौसाबाईला बोलावून घेतलं.

"फसवणूक! तू लिहिलंस!"

"पान कोरंच आहे, सरकार. खाली लिहिलंय ते देणगीदाराने. देणगीदाराने लिहू नये, असं अटीत असेल तर दाखवा."

तात्यांनी कागद दोनदा वाचला. "नाही, सरकार."

"पैसे मागितलेस!"

"कुठल्या शब्दात, सरकार?"

सरकारांनी निरोप पुन्हा वाचला. "मग माझी बदनामी केलीस!"

"खोटं असेल तर सांगा. आत्ता दुसरा निरोप घालते."

सरकारांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. खोटं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर फेरीसाठी गाव जमलं. सरकार मंचावर बसले होते. तात्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि आकडा वाचला, "नऊशे नव्याण्णव."

हौसाबाईने शाळेच्या घड्याळाकडे बघितलं.

"एक कमी!" सरकार उठले. "हरलीस, हौसाबाई!"

"फेरी सुटायला अजून पाच मिनिटं आहेत, सरकार."

"मग? कोण द्यायचं राहिलंय? फोन असलेल्या सगळ्यांनी तर दिले!"

हौसाबाई पदर सावरून नुसती उभी राहिली. गावाने मात्र माना वळवल्या. बँडवाल्याने, शिपायाने, ड्रायव्हरने, राणीसाहेबांनी, सगळ्यांनी सरकारांकडे पाहिलं.

सरकारांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तसे त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे मी दिले, तर मी हरलो! आणि नाही दिले, तर सगळ्या हिवरगडात न देणारा मी एकटा!"

"तसं मी म्हटलं नाही, सरकार."

"मग म्हण की! मागून टाक एकदाचं!"

"कसं मागू, सरकार? मागायला मला मनाई आहे. तुम्हीच केलीय."

सरकारांनी तिच्याकडे बघितलं, तात्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि एकदम हसत सुटले. इतके हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला आणि त्यांना खुर्चीत बसावं लागलं! बसल्या बसल्याच त्यांनी फोन काढला. तात्या ओरडले, "हजार!" आणि बँडवाल्याने कोणी न सांगता ढोल बडवला.

काचपेटी पंधरा दिवसांत आली. हौसाबाईला हिरवं इरकल लुगडं आणि प्रसूतिगृहाच्या समितीवर जागा मिळाली. तात्यांनी कारण विचारलं, तेव्हा सरकार म्हणाले, "ही बाई टेबलाच्या आपल्या बाजूला बसलेली बरी!"