बडोद्यातलं भाड्याचं घर

नाशिकच्या निवृत्त परिचारिका शकुंतलाबाई दिघे यांचं माहेर बडोद्याचं. तिथे आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं. निदान एक दार तरी आपलं असावं, या ओढीनं त्या भाड्याने देण्यासाठी आयुष्यातला पहिलाच फ्लॅट बघायला गेल्या.

"मावशी, तुम्हाला यातलं काय कळणार?" बिल्डर हसला. "डोळे मिटून घ्या. महिना वीस हजार भाडं कुठे गेलं नाही!"

"मग पाच वर्षं तुम्हीच भाड्याने घ्या, पंधरा हजारांत. वरचे पाच तुमचे. करार आत्ताच करू."

बिल्डर वरमला. "अजून इथे पाणी आलेलं नाही," तो पुटपुटला.

शकुंतलाबाईंनी मग माहेरच्या गल्लीतच लहानसं घर घेतलं. भाडेकरूला अट एकच घातली: दर भाऊबीजेला मला जेवायला बोलवायचं.