चांदव्याची साद

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे सुगी आटोपली की बैलाची झुंज व्हायची. दगडी रिंगणात भालाईत आणि बैल समोरासमोर उभे राहत.

बैल दमला, बिथरला, की त्याला वाढवणारी म्हातारी कठड्यापाशी येऊन त्याच्या नावाने हाक मारी. ओळखीचा आवाज ऐकून बैल सगळं विसरायचा आणि मान खाली घालून तिच्याकडे चालू लागायचा. नेमका तेव्हा भालाईत वार करी. या हाकेला गावात साद म्हणत. आणि गंमत बघा, गावाला याच सादेचा मोठा अभिमान होता!

एका वर्षी चांदव्या नावाच्या बैलाची पाळी आली, तेव्हा म्हातारी चावडीवर आली.

"पाटील, चांदव्याला मी साद घालणार नाही. ही झुंज आता बंद करा."

गावात दोन तट पडले. काही म्हणाले, म्हातारीचं खरं आहे. बाकीचे घाबरले. वाडवडिलांची रीत मोडली तर गावावर काय संकट येईल, या विचाराने त्यांची झोप उडाली.

"एका बैलापायी गावाची ओळख पुसायची का?" पाटील म्हणाले.

"अकरा बैलांना मी साद घातली, पाटील. अकराही आले," म्हातारी म्हणाली. "पोरं कठड्यावर बसून ते बघतात. मला त्याचीच भीती वाटते."

पाटलांना काही ते उमगलं नाही. "मग साद मी घालीन," ते म्हणाले.

झुंजीचा दिवस उजाडला. पाटलांची नात मैना सहा वर्षांची होती. झुंज बघायला लागू नये म्हणून ती रिंगणामागच्या कडब्याच्या खोपीत लपून बसली. चांदव्याला अजून रिंगणात आणलंही नव्हतं, तोच मिठाईवाल्याच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि खोप धडधडा पेटली.

पाटील धावले. दारातून त्यांना धुरात बसलेली मैना दिसली.

"मैने, ये! माझ्याकडे ये, बाळा!"

मैनाने वर पाहिलं. आजोबांनी हात पुढे केला होता. त्यांच्या मागून भालाईतही मदतीला धावत आला होता, आणि घाईत भाला त्याच्या हातातच राहिला होता.

मैना मागे सरकली. पाटील जितक्या मायेने हाका मारत, तितकी ती धुरात आत आत जाई.

"भाला टाक!" म्हातारी भालाइतावर ओरडली. "पाटील, हाका मारू नका. आत जा."

पाटील मुकाट्याने रांगत आत शिरले आणि होरपळल्या हातांनी नातीला बाहेर घेऊन आले.

"बाळा, मी बोलावत होतो ना? का नाही आलीस?"

"साद आली की मारतात," मैना म्हणाली.

पाटील तिथेच मातीत बसले. मग त्यांनी चांदव्याचं दावं स्वतः सोडलं. झुंज त्या दिवसापासून बंद झाली. पुढल्या वर्षी पीक नेहमीसारखंच आलं, कसलंही संकट आलं नाही.

पण मैनाची भीती काही लवकर गेली नाही. आजोबांनी हाक मारली, की कितीतरी वर्षं ती आधी त्यांच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघायची आणि मगच जवळ यायची.

तात्पर्य : ज्या रीतीत विश्वासाने जवळ येणाऱ्याचा घात होतो, ती रीत आपल्याच लेकरांचा आपल्यावरचा विश्वास मारते.