सशिणीची धडधड

एका रानात पहारेकरी मुंगूस होतं की रानमांजर, हे आता मला नीट आठवत नाही; बहुधा मुंगूसच असावं. फार पूर्वी त्या रानात सर्वांनी मिळून नियम केला होता, की सबळ कारणाशिवाय पहारेकऱ्याने कोणाला अडवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. नियम इतका चांगला होता, की तो वापरून खराब करायला कोणी धजत नसे.

नदीकाठची टिटवीची अंडी नाहीशी होऊ लागली, तसं मुंगूस रोज एका सशिणीला अडवून चाचपू लागलं. तिची भुकेली पिल्लं पलीकडच्या गवतात वाट बघत बसत. शेवटी ती न्यायनिवाडा करणाऱ्या म्हाताऱ्या गव्याकडे गेली.

"हिला अडवायचं कारण?" गव्याने मुंगसाला बोलावून विचारलं.

"छाती धडधडत होती, साहेब," मुंगूस म्हणालं. "लपवायचं काही नाही, तर धडधड कशाला?"

"आजोबा, ह्यांनी पंजा ठेवला म्हणून धडधड सुरू झाली," सशीण म्हणाली. "पंजा ठेवण्याआधीचं कारण विचारा की."

गवा बराच वेळ रवंथ करत राहिला. "धडधड सापडली, म्हणजे तपासणी योग्यच होती," तो म्हणाला. "बाई, तू जरा शांत राहायला शीक."

तेव्हापासून सशीण लांबच्या वाटेने, बिबट्याच्या जाळीजवळून पिल्लांकडे जाऊ लागली. अंडी जातच राहिली, आणि मुंगसाचं अंग चांगलं भरलं.

मुंगसावर मी काही आरोप करत नाही. माझ्या आठवणीचा भरवसा नाही. बऱ्याच वर्षांनी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारून एवढं मात्र पक्कं करून घेतलं, की ससे अंडी खात नाहीत.