रिबकाची साक्ष

“मग मी खोटं बोलले का, मावशी?”

मार्थामावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हटलं तसं?”

“तुम्ही नाही म्हणत. पण मग मला झोप का लागत नाही?”

“पोर लहान आहे. लहान पोराच्या आईला कधी झोप लागलीय?”

रिबका हसली नाही. मांडीवरच्या लेकीच्या अंगावर तिने पदर ओढला. वारा नव्हता, ऊन कडक होतं, तरी ओढला…

मार्थामावशी एके काळच्या बायबलबाई. गावोगाव पायी हिंडून बायकांना वचन शिकवायच्या. आता गुडघे धरले, म्हणून चर्चच्या मागे एका खोलीत राहतात. रिबकाने लहानपणी पाठांतराची सगळी बक्षिसं मिळवली ती त्यांच्याच हाताखाली. अजूनही मंडळीत कुणी वचनाला अडलं, की लोक रिबकाकडे बघतात. ते तिला आवडतं. म्हणजे, आवडायचं.

पूर आला त्या रात्री नदी वस्तीत शिरली. रिबकाचा नवरा कामावर अडकलेला, घरात ती, सासू आणि तान्ही लेक. ती रात्रभर गुडघे टेकून प्रार्थना करत राहिली. पाणी चढत चढत पायरीपर्यंत आलं आणि थांबलं.

पूर ओसरल्यावर पहिली उपासना झाली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ही त्यांच्या मंडळीची जुनी रीत. रिबका लगेच उठली. लेकीला कडेवर घेऊन तिने सांगितलं, की मी विश्वासाने मागितलं आणि देवाने ऐकलं, पाण्याला येशूच्या नावाने थांब म्हटलं आणि पाणी थांबलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला, तसं पाणीही थोडं चढलं. उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलेलं पाणी तिने उंबऱ्याला आणून टेकवलं. लोक हालेलूया म्हणाले. टाळ्या पडल्या.

बायकांच्या बाजूला तबिथा बसली होती.

तबिथा तिची शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एवढासा बोळ. दोघींची बाळंतपणं पाठोपाठची, एकीने दुसरीला डिंकाचे लाडू करून दिलेले. तबिथाचं घर सखल. त्या रात्री पाणी अंधारातच तिच्या घरात शिरलं. ओल्या दुपट्यात बाळ गुंडाळून ती कशीबशी शाळेतल्या छावणीत पोचली. बाळाला ताप भरला, छाती भरली. दवाखान्यात न्यायला बोट यायच्या आत ते गेलं.

उपासना सुटली. दारात चपला शोधताना तबिथा तिच्याजवळ आली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली,

“रिबका, मी पण गुडघ्यावरच होते गं.”

एवढंच. मग चपला घालून निघून गेली. त्यानंतर ती चर्चला आली नाही.

तेव्हापासून रिबका बोळातून जाताना लेकीला पदराआड घेते. लेक रडली की आधी बोळाकडची खिडकी लावते, मग तिला उचलते. तबिथाला अजून पान्हा फुटत असेल, हे तिला कुणी सांगायला नको. आणि प्रार्थनेला बसली की “प्रभू” म्हणते आणि पुढे गाडी सरकत नाही.

त्यात कालच पाळकसाहेबांचा निरोप आला. महिला मेळाव्यात तीच साक्ष पुन्हा द्यायची. तालुक्यातल्या बायका येणार आहेत, नीट तयारी कर.

म्हणून आज ती इथे आली होती.

“एक सांग,” मावशी म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यानं घराचं जोतं उंच बांधलं, तेव्हा तू कुठं होतीस?”

“शाळेत असेन.”

“म्हणजे तुझ्या प्रार्थनेसाठी तो थांबला नाही. त्याची पण साक्ष दे कधीतरी.”

रिबकाचे कान तापले.

“मग देवाने मला राखलं नाही का?”

“राखलं की. नाही कसं?”

“मग तिला का नाही?”

मावशींनी एक खडा उचलला. बाजूला टाकला. दुसरा शोधू लागल्या…

“मावशी, मी विचारतेय.”

“ऐकलं. मीही त्याला विचारते. माझी दोन गेली, एका पावसाळ्यात. अजून विचारते.”

रिबका बघतच राहिली. इतकी वर्षं यांच्यापुढे बसून अध्यायच्या अध्याय पाठ केले. यांना लेकरं होती का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग घसा साफ करून तिने आपला बेत सांगितला. मेळाव्यात साक्ष द्यायचीच नाही. त्याऐवजी सगळ्यांसमोर तबिथाची माफी मागायची. मी गर्वाने बोलले, माझं चुकलं, असं रडून सांगायचं. तबिथाला खास बोलावून पुढे बसवायचं.

मावशींचे हात थांबले.

“म्हणजे पुन्हा तू उभी, आणि ती बसलेली.”

रिबका पदराचं टोक चाळू लागली.

“पुन्हा हालेलूया होईल. रडलीस तर जरा जास्तच होईल. साडी कोणती नेसायची ते ठरलं का?”

रिबकाने मान खाली घातली. साडी ठरली होती. पांढरी, निळ्या काठाची. काल रात्रीच ट्रंकेतून काढून ठेवली होती. मावशी चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या तांदळाकडे बघत होत्या, आणि रिबकाला वाटलं, आपण इथून उठून कुठेतरी तोंड लपवावं.

“मग एखादं वचन तरी द्या,” ती शेवटी म्हणाली. “मनाला शांती मिळेल असं.”

“तुला सगळी पाठ आहेत.”

“पाठ आहेत, मावशी. पण लागू पडत नाहीत.”

“कशी पडतील? दुखतंय तिच्या घरात. औषध तू आपल्या घरात बसून चोळतेस.”

मावशींनी सूप भिंतीला लावून ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठल्या.

“चल.”

रिबकाला वाटलं, चर्चमध्ये नेऊन प्रार्थना करतील. पण मावशी चर्चवरून पुढे गेल्या आणि वस्तीकडे वळल्या. कुठे चाललोय ते तिच्या ध्यानात आलं तशी ती घाबरली. लेकीला सासूकडे ठेवून येते म्हणाली. अंगावर घरातली साडी आहे म्हणाली. आज नको, तबिथा निजली असेल म्हणाली. मावशी एकेक पाऊल टाकत राहिल्या. बोळाच्या तोंडाशी मात्र थांबल्या, आणि लेकीच्या तोंडावरचा पदर त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला केला.

उन्हाने लेकीने डोळे बारीक केले.

“तबिथाला ही दिसणार नाही का?” रिबका कुजबुजली. “तिला काय वाटेल?”

“तुझी लेक जिवंत आहे, हे तिला ठाऊक नाही असं वाटतं का तुला?”

तबिथाच्या घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ होती. खालचा पोपडा सुटलेला. दार लोटलेलं नव्हतं. आत, पुसून काढलेल्या ओल्या जमिनीवर, तबिथा भिंतीला टेकून बसली होती. हातात काही नाही. तिने पावलांचा आवाज ऐकला असावा, पण बघितलं नाही.

रिबका उंबऱ्याबाहेरच थांबली. पाठ केलेलं सगळं डोक्यात फिरलं आणि त्यातला एक शब्दही तोंडात घेण्यासारखा वाटेना.

“मावशी… आत जाऊन मी काय बोलू?”

“पूर आला त्या रात्रीपासून प्रभू तिच्याजवळ बसलाय. अजून एक शब्द बोललेला नाही. तुला कसली घाई?”