दारावरचा नमुना

राजाला गादीवर बसून सतरा वर्षे झाली होती. त्या वर्षीचा मार्गशीर्ष लागला होता, ज्वारी पोटरीला आली होती आणि सकाळी नदीवर धुके असायचे. त्या दिवसांत एका गावात राजाच्या शाळेच्या दारावर एक दारवान बसत असे.

दारवानाला अक्षरओळख बेताची होती. पण डोक्याला राजाने दिलेले लाल पागोटे होते. ते बांधले की तो गुरुजींनाही आधी नमस्कार करत नसे.

त्याच वर्षी चैत्रात राजाचा हुकूम आला होता. आदल्या वर्षी राजधानीत एका श्रीमंताच्या मुलाने दुसऱ्या मुलाला सदऱ्यावरच्या ठिगळावरून चिडवले होते आणि ते मूल शाळा सोडून गेले होते. राजाला वाईट वाटले. त्याने हुकूम काढला, की राज्यातल्या सर्व शाळांत सर्व मुलांनी एकाच निळ्या रंगाचे कपडे घालावेत. ज्याचा रंग नमुन्याशी जुळणार नाही, त्याला दारातूनच परत पाठवावे.

हुकूम वाईट मनाने काढलेला नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे.

गावात एक रंगारीण होती. नवरा नव्हता, एक मुलगी होती. मुलीचे नाव ठकू. रंगारणीने मोठ्या रांजणात निळीचा रंग केला आणि हातभर कापड त्यात बुडवले. राजाच्या तपासनिसाने ते पसंत केले. तोच नमुना ठरला. दारवानाने शाळेच्या दारावर लाकडी पट्टी ठोकून तो टांगला. दार दक्षिणेला होते. दिवसभर ऊन.

मग रंगारणीने गावातल्या बासष्ट मुलांचे कपडे त्याच रांजणात रंगवले. सगळ्यांचे झाले आणि कापड संपले. ठकूसाठी काही उरले नाही. कापड जमवायला तिला मार्गशीर्ष उजाडला.

इकडे दारवान रोज सकाळी एकेका मुलाची बाही नमुन्यावर धरी आणि मान हलवी. सगळ्यांचे जुळत होते. परत पाठवायला कोणी मिळत नव्हते, याचे त्याला मनातून वाईटच वाटे. असे आठ महिने गेले.

मार्गशीर्षात ठकू आली. नवा झगा, अंघोळ करून घट्ट घातलेली वेणी, काखेत पाटी. दारवानाने तिची बाही नमुन्यावर धरली.

"गडद आहे."

"आईनं रंगवलाय, आजोबा. सगळ्यांचा तिनंच रंगवला."

"मी काय विचारलं? गडद आहे. परत जा."

ठकू गेली. दारवानाने कोळशाचा तुकडा घेतला आणि चौकटीवर एक रेघ ओढली. तपासनीस आला की दाखवता आली असती.

दुसऱ्या दिवशी रंगारीण स्वतः आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"बाबा, रंग त्याच रांजणातला आहे. माप तेच. तुमचा नमुनाही मीच रंगवलाय. उन्हानं उतरला असेल. कुठलाही रंग उन्हात उतरतो."

"राजाच्या नमुन्याचा उतरत नाही," दारवान म्हणाला.

"राजाच्या नमुन्याला ऊन लागत नाही होय?"

"रंगारणीनं मला रंग शिकवू नये. नीळ जास्त पडली असेल तुझ्या हातून. धुऊन आण."

तिने झगा धुतला. आठ वेळा नदीवर बडवला. तो तरीही गडदच होता, कारण रंग चांगला होता.

ठकू रोज यायची. दारवान रोज बाही धरायचा आणि रोज रेघ ओढायचा. मग ती समोरच्या विहिरीजवळ दगडावर बसून राहायची. तिथपर्यंत शाळेतला आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. पोरे एका सुरात काहीतरी म्हणत आहेत एवढेच कळायचे. ती नुसती त्या सुरावर मान डोलवायची. गुरुजी तिच्याकडे न बघता आत जायचे. दाराचा हुकूम दारवानाकडे होता.

दारवानाला एकदा शंका आली होती. चैत्रात पोरे कशी निळीभोर दिसत होती, आता राखेसारखी दिसतात, असे त्याच्या मनात आले. पण नमुना चुकला म्हटले तर दारावरचा माणूसही चुकला. त्याने पागोटे नीट केले आणि दुसरीकडे पाहिले.

माघात तपासनीस आला. तेव्हा चौकटीवर एक्केचाळीस रेघा झाल्या होत्या.

"एवढ्या जणांना परत पाठवलंस?" तपासनिसाने विचारले.

"एकीलाच, सरकार. एक्केचाळीस वेळा," दारवान छाती काढून म्हणाला. "एकदाही आत सोडली नाही."

"शाबास. नमुना काढ. बघू दे."

दारवानाने स्वतःच्या हाताने पट्टी उचकटली. पट्टीखाली दोन बोटे रुंदीचे कापड दहा महिने झाकलेले होते. ते गडद निळे होते. खालचे सगळे कापड विटलेले, राखाडी. मधली रेषा अशी सरळ होती, की आंधळ्यालाही दिसावी.

ठकू दगडावर बसली होती. तपासनिसाने तिला बोलावले आणि तिची बाही त्या दोन बोटांच्या निळ्यावर ठेवली. कापड कुठे संपले आणि बाही कुठे सुरू झाली, ते ओळखू येईना.

पोरे दारात गोळा झाली होती. गुरुजीही आले. दारवानाचे कान तापले. पागोटे एकदम जड झाले.

तपासनीस हसला. "म्हणजे हुकमाप्रमाणे आतली बासष्ट बाहेर काढायला हवीत आणि बाहेरची एक आत घ्यायला हवी."

मग त्याने आवाज खाली आणला. "घाबरू नकोस. आपण लिहू, रंगारणीनं कच्चा रंग दिला. काम तिच्याकडून काढून घेऊ. नवा नमुना, नवा रंगारी. तुझं पागोटं शाबूत. लिहू ना?"

एवढे बोलणे सोपे होते. नुसते "हो" म्हणायचे होते. रंगारीण तिथे नव्हती. ठकू होती. ती दारवानाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आज तरी जुळले, याचाच आनंद होता. ते दारवानाला सहन झाले नाही.

"नका लिहू," तो म्हणाला. "रंग चांगला आहे. नमुना मी उन्हात टांगला. तिनं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. आणि मलाही एकदा दिसलं होतं. मी बघितलं नाही."

"मग तुझं नाव लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि उद्यापासून दार कशावर उघडणार? नमुना तर गेला."

"पोर आली की उघडायचं," दारवान म्हणाला. त्याने पागोटे उतरवले, तपासनिसाच्या हातात दिले आणि ठकूला वाट करून दिली.

तपासनीस नमुना आणि पागोटे घेऊन राजधानीला गेला. राजाने ते दोन रंगांचे कापड बराच वेळ पाहिले म्हणतात. महिन्याने नवा हुकूम आला. कपडा स्वच्छ असावा, बाकीचे घरच्यांनी ठरवावे, कपड्यावरून कोणालाही दारातून परत पाठवू नये. पोरांचे चिडवणे काही थांबले नाही. ते गुरुजींना थांबवावे लागले. पहिल्या दिवसापासून ते त्यांचेच काम होते.

दारवानाला दारावर ठेवले, पण पागोट्याशिवाय. गावात उघड्या डोक्याने फिरणे त्याला मेल्याहून मेल्यासारखे वाटे. तरी पागोटे उतरवले त्याच संध्याकाळी तो तसाच रंगारणीच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"पोरीचे एक्केचाळीस धडे माझ्यामुळे बुडाले," तो म्हणाला. "मी दारात बसून सगळे ऐकलेत. मला वाचता येत नाही फारसं, पण कानात आहेत. रोज एक सांगीन. गुरुजींना वेळ नाही, आणि कर्ज त्यांचं नाही."

रंगारणीने निळ्या हातांनी घोंगडी अंथरली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

दारवान बसला आणि शाळेतल्या पोराप्रमाणे मोठ्याने अर्ध्याचा पाढा म्हणू लागला, "एक निम अर्धा, दोन निम एक, तीन निम दीड..."

"आजोबा, अर्धा म्हणजे कशाचा अर्धा?" ठकूने विचारले.

दारवान थांबला. एवढी वर्षे तो ते ऐकत होता. कशाचा, ते त्याला माहीत नव्हते.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा शाळेच्या आत गेला, हात जोडून. "गुरुजी, अर्धा म्हणजे कशाचा?"

पोरे खो खो हसली. एका आगाऊ मुलीने उठून आपली बाही त्याच्या सदऱ्याला लावली आणि त्याच्याच आवाजात म्हणाली, "गडद आहे. परत जा."

गुरुजी तिला रागावले. दारवान खाली मान घालून म्हणाला, "राहू द्या. बरोबर म्हणाली." गुरुजींनी आपल्या शिदोरीतली भाकरी मोडून त्याला अर्धा दाखवला. ती अर्धी भाकरी तो संध्याकाळी ठकूकडे घेऊन गेला.

असे रोज चालले. जे त्याला कळत नव्हते, ते तो दुसऱ्या दिवशी विचारून येई. रोज परतताना चौकटीवरची एक रेघ पुसून टाकी.

शेवटच्या संध्याकाळी एक्केचाळिसावा धडा राहिला. ती एक गोष्ट होती. दारवानाने सांगितली: एका राजाने विहीर घाण होऊ नये म्हणून तिच्यावर राखणदार बसवला. राखणदार प्रत्येकाचा घडा तपासू लागला. एकाचा जुना, एकाचा चेपलेला, एकाचा मापात नाही. पाणी अगदी स्वच्छ राहिले आणि गाव तहानेने दुसरीकडे गेले.

"आणि तात्पर्य?" ठकूने विचारले. "गुरुजी शेवटी तात्पर्य सांगतात."

दारवानाने उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

"ते मी ऐकलं नाही, पोरी. त्या वेळी मी तुला दारातून हाकलत होतो."

अंगणात रंगारीण कापड पिळत होती. तिचे हात थांबले.

"मग तुम्हीच सांगा," ठकू म्हणाली आणि पाटी पुढे ओढली.

दारवान सावकाश बोलला. ठकूने एकेक शब्द लिहून घेतला.

"तात्पर्य: पोरांच्या अंगावर काय असावं, ते घरच्यांनी बघावं. राजानं एवढंच बघावं, की शाळेचं दार उघडं आहे."

दारवान उठला, शाळेपाशी आला आणि ओल्या बोटाने शेवटची रेघ पुसली.